वेशीबाहेरचं लग्न

प्लेगच्या दिवसांत वऱ्हाडात जायला निघालो म्हटल्यावर आमच्या आळीतल्या चार शहाण्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परत येणारच नाही. आमच्या घरातून तर कापराची एक पुरचुंडी शिवून माझ्या गळ्यातच बांधण्यात आली. "ही काढायची नाही. आंघोळीलासुद्धा नाही," असा हुकूम झाला. मी वकिलाच्या कचेरीत कारकून आहे. दिवसभर दुसऱ्यांचे हुकूम पाळायचे आणि संध्याकाळी घरचे, याची मला सवय आहे. बांधली.

जाणं भागच होतं. माझी थोरली बहीण, गोदाताई, वऱ्हाडात धामणखेडला दिलेली. तिची एकुलती एक मुलगी वत्सला, आमची वच्छी, तिचं लग्न. अंतरपाटाच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो, आणि वच्छीला मामा एकच, मी. शिवाय हे लग्न साधंसुधं नव्हतं. गेल्या वर्षी वच्छीचं एक स्थळ ठरलं होतं. गावात उंदीर पडायला लागले आणि वरपक्षानं अर्ध्या वाटेतून गाड्या परत फिरवल्या त्या कायमच्या. आता मुलगी अठराची झाली. पुढे सिंहस्थ लागणार, म्हणजे वर्षभराहून अधिक काळ लग्नाचं नाव नको. हा मुहूर्त गेला तर वच्छी वीसची होईपर्यंत घरात, आणि लोकांच्या तोंडात. अशा वेळी मामानं कापूर हुंगत पुण्यात बसणं बरं दिसलं नसतं.

नांदुरा स्टेशनावर उतरलो तेव्हा डॉक्टरसाहेबांनी काखा तपासल्या, जीभ पाहिली आणि गळ्यातली पुरचुंडी चिमटीत धरून विचारलं, "यह क्या है?" कापूर म्हटल्यावर ते इतके हसले की पाठीमागची रांगही हसायला लागली. बाहेर ताईच्या यजमानांनी, म्हणजे भाऊजींनी, दमणी पाठवली होती. दमणी म्हणजे छपराची हलकी बैलगाडी. हाकणारे रहीमभाई हे पांढऱ्या दाढीचे, मोठ्या अदबीचे गृहस्थ. भाऊजींच्या घरी तीस वर्षं त्यांचीच दमणी.

"या मामासाहेब. वच्छीबाईच्या लग्नाले आले न? लय बेस केलं. मागच्या खेपेले पोरगी लय रडली बापा."

वाटेत दोन्ही अंगांना वेचून झालेली पऱ्हाटी, तिच्यावर राहून गेलेला चुकार कापूस आणि मध्येच हिरवीगार ज्वारी. बोलता बोलता धामणखेड दिसू लागलं. मोठी दगडी वेस, आत बुरुज, मारुतीचा कळस. मी पगडी सारखी केली, उपरणं झटकलं. तर दमणी वेशीकडे न वळता सरळ पुढेच.

"अहो रहीमभाई, गाव मागे राहिलं!"

"गाव कुठी मागं राह्यलं? गाव समोर हाय. ते तर नुसते घरं हायेत."

वेशीच्या अलीकडे बऱ्याच अंतरावर दगड मांडून त्यावर चुना फासला होता. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत चुन्याचीच जाड रेघ, आणि आत लिंबाखाली बाजेवर एक शिपाई पाय हलवत बसला होता. त्याच्या पाठीमागे सगळं गाव. ऊन आत पडावं म्हणून कौलं उतरवून ठेवलेली, दारांना कुलपं, एका ओसरीवर तुळस वाळून काडी झालेली. ज्या पेठेत सकाळी कापसाच्या गाड्यांनी पाऊल ठेवायला जागा नसायची तिथं एक मोर आरामात फिरत होता. मला चटकन वाईट वाटलं. पुण्यातल्या प्लेगात आमची आळीही अशीच ओस पडलेली मी लहानपणी पाहिली आहे.

"मोराचीच पेठ हाय आता," रहीमभाई म्हणाले आणि बैलांना हाक मारली.

वावरातलं गाव

मला वाटलं होतं, झोपड्यांत रडारड असेल. कसचं काय! ओढा ओलांडला आणि समोर जत्रा भरलेली. तुराट्यांच्या आणि पऱ्हाट्यांच्या कुडाच्या, शेणानं सारवलेल्या झोपड्यांच्या रांगा, आणि त्या रांगा हुबेहूब गावच्या गल्ल्यांप्रमाणे. गावात ज्याचं घर ज्याच्या शेजारी, त्याची झोपडीही त्याच्याच शेजारी. शिंप्यानं बाभळीखाली मशीन मांडलेलं, शाळा आंब्याखाली, तेलाचा घाणासुद्धा सोडवून आणून बसवलेला. माझ्या देखत एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, "पेठेतून जाऊन राह्यलो, काही आणू काय?" पेठ म्हणजे समोरच्या चार ताडपत्र्या.

ताई दारातच होती. वीस वर्षांपूर्वी आम्ही तिला पाठवली तेव्हा ती सदाशिव पेठेतली शुद्ध भाषा बोलत होती. आता मला पाहताच तिनं हाक मारली, "आला काय रे बापू! काऊन इतका वाळला? वयनी जेवू घालत नाई काय तुले?" आणि लगेच पदर डोळ्याला. मग माझ्या गळ्याकडे लक्ष गेलं. "हे काय बांधलं?"

मी सांगितलं. ताई हसत सुटली. तेवढ्यात शेजारच्या झोपडीतून एका बाईचा आवाज आला, "गोदाबाई, देव्हाऱ्यातला कापूर हाय काय वं तो?"

ही त्या वस्तीची गंमत. कुडाच्या भिंती. कुणाच्या घरी काय बोललं जातं हे चार झोपड्यांपर्यंत ऐकू जातं, आणि लोक त्यात बिनदिक्कत भाग घेतात. भाऊजींनी रात्रीच्या भाजीत मीठ कमी असल्याचं म्हटलं की पलीकडून मिठाची वाटी येते. त्यामुळे सासवा-सुनांची भांडणं पार बंद पडली होती. ताई म्हणाली, "भांडावं कसं? सगळं गाव ऐकते न." पुण्यात आमच्या भिंती दीड हात जाडीच्या आहेत, आणि आत काय चालतं ते देवालाच ठाऊक.

वच्छीला मी ती परकरात असताना पाहिली होती. आता चांगली उंच, सावळी, तरतरीत मुलगी ओढ्यावरून पाण्याची घागर कमरेवर घेऊन आली आणि घागरीसकट वाकून नमस्कार केला. मी आपला मामाच्या नात्यानं म्हणालो, "घाबरू नकोस हो पोरी, सगळं नीट होईल."

"मी नाई घाबरत मामा. मागच्या खेपेले रडली, आता नाई रडत. या खेपेले मी लग्न सोडतच नाई."

"माय वं!" ताई ओरडली, "असं बोलतेत काय?" पण पलीकडच्या झोपडीतून कुणीतरी "शाब्बास" म्हणालं.

दुसऱ्या दिवशी हुरडा. पुण्यात आम्ही हुरड्याची पार्टी करतो, म्हणजे पाच माणसं मूठभर दाणे चावतात आणि महिनाभर त्याबद्दल बोलतात. इथं आगटीभोवती पन्नास माणसं, कणसं भाजून हातावर चोळून फुंकर मारली की हिरवे गरम दाणे तुमच्या पुढ्यात, सोबत जवसाची चटणी, गूळ, दही. मी "पुरे" म्हटलं की ओंजळभर, "नको" म्हटलं की दोन ओंजळी. आगटीपाशी तो वेशीवरचा शिपाईही मांडी ठोकून बसलेला. ताईनं त्याच्यापुढे आपल्या हातानं चटणी वाढली. दुपारी गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे पानगे आणि त्यावर तुपाची धार. मी त्यानंतर जो आडवा झालो तो संध्याकाळीच उठलो. गळ्यातला कापूर उन्हानं आणि घामानं केव्हाच उडून गेला होता, राहिली होती ती चिंधी.

वेशीपुढे

तिसऱ्या दिवशी लग्न, गोरज मुहूर्तावर. वऱ्हाड सकाळी यायचं. मुलगा मेहकरकडचा, घाटावरचा. त्याचे वडील नानासाहेब हे मोठे जमीनदार आणि रीतीभातीला फार कडक, असा त्यांचा लौकिक. झोपड्यांच्या तोंडाशी आम्ही केळीचे खांब उभे केले, आंब्याचं तोरण बांधलं, सडा घातला. सनई-चौघडा तयार. वरपक्षाची पूजा, सीमांतपूजन, इथंच करायचं. भाऊजी नवा फेटा बांधून उभे, मी हातात कलश घेऊन त्यांच्या शेजारी, ताई तबक घेऊन मागे.

ऊन चढलं. सनईवाल्यानं दोनदा पान खाल्लं. वऱ्हाडाचा पत्ता नाही. ताईचा चेहरा उतरत चालला. गेल्या वर्षीची ती वाट सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती.

आणि रहीमभाई दमणी पळवत आले. "अहो मालक! वऱ्हाड वेशीपुढं बसलं हाय! कवाचं बसलं हाय, लय रागात!"

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. सीमांतपूजन गावच्या वेशीत होतं, हे लहान पोरालाही ठाऊक. नानासाहेब रीतीप्रमाणे वेशीवर गेले. आणि अख्ख्या धामणखेडातल्या एकाही माणसाला, भाऊजींना, भटजींना, कुणालाही आठवलं नाही की आपल्याला दगडी वेस आहे! तीन महिन्यांत वावरातलं गाव इतकं खरं झालं होतं की आपलं मूळ गाव ती मंडळी विसरूनच गेली होती. भाऊजी कपाळावर हात मारून म्हणाले, "बह्याड झालो सारे!"

धावतच निघालो. चुन्याच्या रेघेशी शिपायानं काठी आडवी धरली. आत, ऐन वेशीच्या कमानीखाली, दहाबारा गाड्या सोडलेल्या, आणि पुढे सतरंजीवर नानासाहेब. भरघोस मिशा, हात गुडघ्यांवर. मागे नवरामुलगा मुंडावळ्यांसकट खाली मान घालून बसलेला. बिचाऱ्याची मला दया आली.

"नानासाहेब, चूक झाली," भाऊजी रेघेवरूनच हात जोडून ओरडले. "आम्ही तिकडं वाट पाहून राह्यलो. चला, सगळी तयारी हाय."

"तिकडं म्हणजे कुठं? ओढ्यापल्याड? ते शिवार धामणखेडचं हाय का?"

भाऊजींचे जोडलेले हात खाली आले. शिवार खरोखरच शेजारच्या गावचं होतं.

"दुसऱ्याच्या शिवारात माझ्या मुलाची पूजा? सीमा गावाला असते बगा, झोपड्यांना नसते. पूजा वेशीत होईल, नाही तर मी सांज व्हायच्या आत घाट चढलो."

भाऊजींना रेघ ओलांडता येत नव्हती. आणि शिपाई म्हणाला, "साहेब, याईलेही आता भाईर येता येत नाई. मी पानी प्यायले गेलो, तवर रेघेच्या आत आले न? आता करंटीन. कायदा हाय."

ताईनं भिंतीचा आधार शोधावा तसा माझा हात धरला. मी पुढे झालो. एवढी वर्षं वकिलाकडे काढली ती काय उगीच? मी शिपायाला हुकुमाचा उद्देश, हुकुमाची भाषा, वेशीच्या आत आणि वेशीपुढे यांतला फरक, अशा तीन मुद्द्यांवर चांगलं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही कोन?"

मी कलश सावरला आणि मागे सरलो. तेव्हा ताई पुढे आली.

"काऊन रे दादा, तू झोपतो कुठी?"

"इथंच बाई, लिंबाखाली."

"म्हंजे रेघेच्या आत. अन् भाकर कुठी खातो?"

शिपाई काठीकडे पाहू लागला.

"माह्या चुलीजवळ खातो! काल हुरडा कोनी खाल्ला? माह्या हातची चटणी कोनी तीनदा मागून घेतली? तुले करंटीन नाई, अन् माह्या जावयाले करंटीन?"

वऱ्हाडातली माणसं हसायला लागली. शिपायानं काठी खाली घेतली. "बाई, ते हुरड्याचं साहेबाले नका सांगू. येऊ द्या त्याईले."

एक अडचण सुटली, पण नानासाहेब काही हलेनात. धामणखेडच्या माणसाला रेघेच्या आत सोडणं काही त्या शिपायाच्या हातात नव्हतं, तिथं तो रडकुंडीला येऊन नोकरीचं बोलू लागला. आणि नानासाहेबांना वेशीपासून दूर पूजा नको. भटजींनी आडवळणानं दोन-तीन उपाय सुचवले, नानासाहेबांनी मान हलवली. शेवटी ते उठून म्हणाले, "माझ्या मनात राग नाही. पण आमच्या घरी रीत मोडून आणलेली सून नांदली नाही, हे मी पाहिलंय. गाड्या जुंपा." एका गड्यानं बैल उठवले. ताई मटकन खाली बसली. मी एका हातात कलश धरून दुसऱ्यानं तिला सावरलं.

एवढ्यात मागून दमणी आली. रहीमभाई परत कधी गेले होते ते कळलंच नव्हतं. दमणीतून हळदीनं माखलेली, पिवळ्या साडीतली वच्छी उतरली. नवरी सीमांतपूजनाला! भटजी "शिव शिव" म्हणाले. ताई "वच्छे!" म्हणून ओरडली. पोरगी सरळ रेघेपर्यंत गेली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वाकून, रेघेच्या अलीकडूनच, नानासाहेबांना नमस्कार केला.

"मामंजी, तुमचं खरं हाय. पूजा सीमेवरच पायजे." तिनं वेशीच्या आत बोट दाखवलं. "पण आमची सीमा कोनती, ते मले पुसा. ते पाहा, तिसरं घर आमचं. वसरीवरची तुळस म्या लावली होती, वाळून गेली. इथून दिसते, पण पानी घालाले जाता येत नाई. तीन महिने झाले, हेच रेघ आमची सीमा हाय. इच्या पुढं आमचं पाऊल पडत नाई. याच्याऊन मोठी सीमा कोनत्या गावाले हाय, सांगा."

मुलगा पहिल्यांदाच मान वर करून पाहत होता. नानासाहेबांनी वळून त्या घराकडे पाहिलं. उतरवलेली कौलं, कुलूप, ओसरीवरची वाळलेली काडी. मग पायांतले जोडे काढले आणि सतरंजी स्वतःच्या हातानं ओढत रेघेपर्यंत आणली.

"पोरीनं बरोबर सांगितलं. भटजी, पाट मांडा. पाट पल्याड, पूजा करणारे अल्याड. आन् वाजंत्रीवाले झोपले का?"

चुन्याच्या रेघेच्या त्या बाजूला नवरामुलगा पाटावर, या बाजूला ताई आणि भाऊजी. मी कलश तिरपा करून पाणी घातलं, ताईनं रेघेवरून हात लांब करून पाय धुतले, कुंकू लावलं. ती रडत होती आणि हसतही होती, त्यामुळे कुंकू जावयाच्या नाकावर गेलं. पूजा झाल्यावर मुलगा उठला आणि एक ढांग टाकून रेघेच्या अलीकडे आला. शिपायानं आपणहून सलाम ठोकला. सनईवाल्याच्या तोंडात पान होतं ते त्यानं घाईनं थुंकलं आणि जी सनई धरली, ती ओढ्यापर्यंत थांबलीच नाही.

गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. मी पाठीशी उभा राहिलो. जेवणावळ चांदण्यात, ज्वारीच्या वावराच्या कडेनं, आणि मेहकरच्या मंडळींना बुंदीपेक्षा पानगेच आवडले. नानासाहेबांनी किती खाल्ले ते मी सांगत नाही, व्याह्यांच्या बाबतीत ते बरं नव्हे.

पाठवणीच्या वेळी ताईनं कमरेची किल्ली सोडली. झोपडीत आल्या दिवसापासून घराची ती किल्ली तिच्या कमरेला होती, रात्रीही काढत नसे. ती तिनं वच्छीच्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. "स्वताच्या घरातून तुले पाठवता नाई आलं वं माय. गाव जवा आत जाईन, तवा कुलूप तूच काढशीन. तोवर मी उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाई."

गाडीत बसेपर्यंत न रडलेली वच्छी तेव्हा रडली. मीही रडलो. मोठमोठ्यानं रडलो. कुडाच्या भिंतींच्या गावात लपवायचं काय?

पुन्हा पुणं

घरी पोचलो तर आमच्या दारापुढे रांगोळीची जाड रेघ! रेघेच्या आत आमची मंडळी, कमरेवर हात ठेवून.

"काही दिवस ओसरीवर. अंथरूण-पांघरूण तिथं ठेवलंय. कापूर कुठाय?"

"काऊन?" मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

"हे काय बोलणं? आणि ती पुरचुंडी?"

मी चिंधी दाखवली. मग म्हणालो, सीमा आहे, तर पूजा झाल्याशिवाय मी हलणार नाही. ती काही न समजून आत गेली, पण भाकरतुकडा घेऊन आली, रेघेवरूनच ओवाळून लांब फेकला आणि पायांवर तांब्याभर गार पाणी ओतलं, जरा जास्तच जोरात. ओसरीवर झोपायला काही वाईट नव्हतं. शेजारचे लोक येता-जाता बोलत, आणि मीही त्यांच्या भाजीत मीठ किती पडलं ते विचारायला लागलो.

वैशाखात भाऊजी कामासाठी पुण्यात आले, तेव्हा पुढची हकीकत कळली. पाडव्याला गाव आत जायचं ठरलं. कौलं चढली, सडे पडले, सगळे धामणखेडकर बोचकी घेऊन, चूल-तवे डोक्यावर घेऊन वेशीपाशी जमले. घाटावरून नानासाहेब वच्छीला आणि मुलाला घेऊन स्वतः आले होते. आणि वेशीत येताच नानासाहेबांनीच पुढे होऊन वाट अडवली.

"मी तेव्हा रेघेवर पूजा घेतली," ते म्हणाले. "ती तुमच्या पोरीच्या शब्दाखातर. वेशीतली राहिलीय. ती करा, मग आत जाऊ."

सारं गाव बोचकी डोक्यावर घेऊन उन्हात उभं राहिलं. भाऊजींनी तिथंच पाट मागवला. तो शिपाईही, आता काम नसलेला, कलश धरून उभा होता, कारण मामा पुण्यात होता. दगडी कमानीखाली पूजा झाली, नारळ फुटला, नानासाहेब बाजूला झाले. "चल पोरी," ते म्हणाले, "हो पुढं."

वच्छी पुढे, मागे गाव. तिसऱ्या घरापाशी तिनं पदराची गाठ सोडली. कुलूप गंजलं होतं, लवकर निघेना. भाऊजी मदतीला गेले तर ताईनं त्यांना मागे ओढलं. मग ते निघालं. दार उघडलं, आणि आत पाऊल टाकण्याआधी वच्छीनं ओसरीवरच्या वृंदावनातली ती वाळकी काडी उपटली, पदराआडून मेहकरहून आणलेलं तुळशीचं रोप काढलं आणि तिथं लावलं.

"पानी आना वं माय," ती म्हणाली, आणि ताई ओढ्याकडे निघाली. मग थांबली. घरातल्या विहिरीकडे वळली.